मब्रूक

जूनच्या उन्हात बोट खारफुटीतून वाट काढत कल्बा या अरबी गावाच्या धक्क्याला लागली. खाडी थेट वस्तीत शिरलेली. बुटक्या पांढऱ्या घरांच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. मुग्धाचा नवरा हेमचंद्र कॅमेऱ्यात नवा रोल भरत बसला. लेकीने, श्रियाने बोटीतूनच पाय पाण्यात सोडले. मग मुग्धा एकटीच गाव बघायला निघाली.

पहिल्याच गल्लीत एका घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग, अंगणात भाताची भलीमोठी पातेली. लग्नघर, मुग्धाला वाटलं. ती दारात घुटमळली, तर आतून एका म्हातारीने हाताने खूण करून बोलावलं.

आत भिंतीला टेकून वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. अभिनंदनाचा एक अरबी शब्द मुग्धा ऑफिसात शिकली होती. म्हातारीचे दोन्ही हात हातात घेऊन ती हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मब्रूक, मब्रूक."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीने हात सोडवून घेतले नाहीत. तिने मुग्धाला शेजारी बसवलं, कॉफी दिली, खजूर पुढे सरकवले.

घरात कामाला असलेली साजिदा भाताची थाळी घेऊन आली. थाळी ठेवताना वाकून हळूच म्हणाली, "बाजी, शादी नहीं है. इनका बेटा गुज़र गया. परसों, समंदर में."

मुग्धाला स्वतःचा पिवळाधमक कुर्ता नकोसा झाला. ती उठू लागली. "इनको बोलो, मुझे पता नहीं था. बोलो, माफ करें."

साजिदाने सांगितलं. म्हातारीने ऐकलं आणि मुग्धाच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग दोन वाक्यं बोलली.

"क्या बोलीं?"

"बोलती हैं, खाना खाके जाओ. वो भी किसी को भूखा नहीं जाने देता था."

मुग्धा जेवली. थाळीतला भात तिने संपवला. सगळ्या बायका बघत होत्या.

धक्क्यावर हेमचंद्र वैतागला होता. "अगं, होतीस कुठे तासभर?"

"एका घरी बोलावलं. जेवले."

"ओळख ना पाळख, आणि जेवण? काय होतं, लग्नबिग्न?"

श्रियाने मान वर केली. "मम्मी, डिड यू सी द ब्राइड?"

मुग्धाने बोटीत पाय टाकला.

"हो," ती म्हणाली. "छान होती."

आणि गावाकडे पाठ करून बसली.