अगस्तीचे ठोके

अनसिंगचा तय्यब घड्याळ दुरुस्त केलं की ते माझ्या नाडीवर तपासतो. माझे मिनिटाला बहात्तर ठोके, वीस वर्षांत एकही इकडचा तिकडे नाही. माझ्यात नियमित असं तेवढंच आहे.

फाल्गुनातल्या त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या गच्चीवर होतो. दक्षिणेला, गव्हाच्या शेतांवर, अगस्ती लुकलुकत होता. मी पेपरातलं ज्ञान पाजळलं: हा तारा सूर्याच्या सत्तरपट रुंद, आणि त्याचा उजेड इथं पोचायला तीनशे वर्षं लागतात.

"मंग आपली एसटी बरी," म्हणत तय्यबनं माझं मनगट धरलं.

थोड्या वेळानं त्यानं घड्याळाकडे बघणं सोडलं. "नानाजी, तो तारा तुमच्या नाडीसंगं लुकलुकून राह्यला."

"चहा कमी पेत जा, मियां."

तरी मी मानेवर बोट ठेवून पाहिलं. ठोका, लुकलुक. ठोका, लुकलुक. मग मुद्दाम जिना उतरून धापा टाकत वर आलो. नाडी शंभरावर गेली होती. ताराही.

"तीनशे वर्षांमागं निघालेल्या उजेडाले माझा जिना कसा ठाऊक?" मी म्हणालो.

तय्यब हसला नाही. त्यानं पुन्हा मनगट धरलं.

तेवढ्यात अगस्ती लुकलुकायचा थांबला. ढग नव्हता. तारा दिसत होता, पण अगदी स्थिर, डोळा रोखल्यासारखा.

"माझा आकडा काय आला?"

तय्यबनं बोटं दाबली, जरा सरकवली, परत दाबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नानाजी, दुसरा हात द्या."