सोफ्यावरचा डाग

आई गेल्याला पंधरा दिवस झाले. सोफ्यावर तिच्या नाकातून पडलेल्या रक्ताचा डाग मी गार पाणी आणि मीठ लावून घासत होते. मावशी बघत उभी होती. दोघी बहिणींनी जन्मभर शिवणकाम केलेलं. "अगं, वाळलेला डाग आता कसला निघतोय? सुई टोचून गिऱ्हाइकाच्या कपड्यावर रक्त पडलं, की आम्ही लगेच थुंकी लावून चोळायचो. आपलं रक्त आपल्याच थुंकीने जातं. तिला ठाऊक होतं." होतं ठाऊक. रक्त पडलं त्या दिवशी आई थुंकीचं बोट लावून डाग पुसत होती आणि घरी आलेल्या माझ्या मैत्रिणींसमोर मी ओरडले होते, "शी, आई! काय हा घाणेरडेपणा?" तिने हात मागे घेतला. त्यानंतर ती सोफ्यावर बसलीच नाही. "पुसत होती ती," मी म्हणाले. "मग अर्ध्यावर का सोडलं?" मी मान वर केली नाही. "दमली असेल."