चरातलं देवगांडूळ

"बोट तोडा, न्हाईतर माणूस जाईल!" मुकादम अर्जुनराव ओरडले. एका गड्यानं कोयता दगडावर घासायला घेतला.

पिंपरीच्या नव्या कारखान्याला पाणी न्यायचं म्हणून देवराईच्या कडेनं चर खणणं चाललं होतं. ओला पालापाचोळा उपसताना बिरूच्या बोटाला काहीतरी चावलं. काळपट, बोटाएवढं जाड. क्षणभर दिसलं आणि मातीत शिरलं. गड्यांनी त्याच्या मनगटाला सुंभ करकचून आवळला. पंजा काळानिळा पडत चालला.

"त्याचं अंग हाताला कसं लागलं?" घमेलं टाकून धावत आलेल्या त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं विचारलं.

"बुळबुळीत..." बिरू कण्हला.

"साप कुठं बुळबुळीत असतोय? मुकादम, जरा थांबा."

"इख थांबतंय व्हय?"

ठकुबाई चरात उतरली आणि हातांनीच माती उकरू लागली. या रानात विषारी फुरसंही निघतं, हे तिला ठाऊक होतं. वर कोयता घासल्याचा आवाज थांबला. कुणीतरी बिरूचा हात दगडावर दाबून धरला.

मातीत एक पोकळी लागली. आत ते वेटोळं घालून बसलं होतं. अंग ओलं, खवल्यांचं नावही नाही, गांडुळासारख्या वळ्याच वळ्या. वेटोळ्याच्या मधोमध माळेत ओवल्यासारखी पिवळसर अंडी.

"देवगांडूळ हाय! इख नसतं त्याला!"

"कशावरनं?" अर्जुनरावांनी दरडावलं.

ठकुबाईनं हात पुढं केला. ते चावलं. रक्ताळलेलं बोट तिनं वर धरलं.

"आता माझंबी तोडा. न्हाईतर त्यांचा सुंभ सोडा."

सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. भोवळ येते का, फेस येतो का. बिडी ओढून संपावी एवढा वेळ गेला. ठकुबाई तशीच उभी. शेवटी अर्जुनरावांनीच वाकून गाठ सोडली. बिरूच्या पंजात हळूहळू रंग परतला.

"एवढ्या कुदळी चालल्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तरी पळालं का न्हाई गं ते?"

ठकुबाई पोकळीवर ओंजळीनं ओली माती लोटत होती.

"त्याच्या घरात हात आपण घातला. पळायचं कुणी?"

अर्जुनरावांनी चरासाठी चुन्यानं आखलेल्या रेघेकडं पाहिलं. ती नेमकी त्या पोकळीवरूनच पुढं गेली होती.