शेपटीचा जोड

"लांब शेपटीचा आला गं पाव्हणा, आखूड शेपटीला कुणी विचारीना."

गाई पिळताना आजी गुणगुणायची. गोठ्याच्या तुळईवर भिंगऱ्या, त्या लांब दुभंगलेल्या शेपटीच्या पाकोळ्या, बसलेल्या असायच्या. तो स्वर टोर्किलच्या कानात अजून होता. मोठेपणी विद्यापीठात गेल्यावर त्या गाण्याचंच त्यानं संशोधन केलं: नराची शेपटी लांबवली, तर माद्या खरंच त्याच्याकडे येतात का.

आज त्याला त्या गाण्याचाही राग आला होता.

"शेपटी पुन्हा गळाली," टोर्किल स्वयंपाकघरात येत म्हणाला. तळहातावर काळ्या पिसाचा बोटभर तुकडा होता. "गव्हाणीपाशी सापडला."

"कुणाचा?" डाग्नीनं कॉफी ओतत विचारलं. धारा काढून ती नुकतीच आत आली होती. नवरा गेल्यापासून गाई तीच बघायची, आणि वसंतात माडीवरची खोली टोर्किलला द्यायची.

"पायात लाल कडं घातलेल्या त्या नराचा. काल गोठ्याच्या दारातल्या जाळीत धरून मी स्वतः त्याच्या शेपटीला पिसाचा जोड चिकटवला. दुपारी दोन माद्या त्याच्याभोवती घिरट्या घालत होत्या, बाकीचे नर वाट सोडून बसले होते. आज बघतो तर लांडा. माद्या गेल्या पलीकडच्या तुळईवर."

"पीस गेलं की पाव्हणाही परका."

"थट्टा नको, डाग्नीबाई. तिसरा वसंत आहे हा. दर वर्षी नवा गोंद, दर वर्षी तीच रड."

"वाया नाही गेला हो प्रोफेसर. तुम्ही टाकलेल्या गोंदाच्या नळीनं मी हा कप सांधला."

तो कप त्याच्या हातातच होता. वैतागून त्यानं तो आदळला. कॉफी हिंदकळली, सांधलेला कान जागचा हलला नाही.

"मग भिंगऱ्यांच्या अंगातच काहीतरी असेल. तेल म्हणा, दव म्हणा. माझं तर डोकंच चालत नाही."

खिडकीत दुधाच्या चरवीशेजारी नेलपॉलिश पुसायच्या रिमूव्हरची बाटली होती, अर्ध्यावर आलेली. डाग्नीची नखं मात्र गाई पिळून बोथटलेली, बिनरंगाची. त्यानं बाटली बाजूला सारून तिथं आपली टोपी ठेवली.

"विद्यापीठानं सांगितलंय, यंदा शेवटचं. या हातांनी काही दाखवता आलं नाही. उद्या निघतो मी. पुढं कुणी दुसरा, दुसऱ्या गोठ्यात करील."

बाहेर जटलँडचा वारा पत्र्याशी भांडत होता. डाग्नीनं किटली खाली ठेवली.

"सामान बांधलं?"

"बांधतोय."

 मग टोपीमागची बाटली उचलून तिनं त्याच्या कपाशेजारी ठेवली.

"गोंद पहिल्या वर्षापासून पक्काच होता, फक्त ह्याच्या दोन थेंबांनी सुटतो. मी तुझ्या आधी उठते, टोर्किल, आणि तुझी जाळी दारातच असते." ती समोर बसली. "पहिल्याच वसंतात जोड टिकला असता, तर दुसऱ्या वसंतात तू कशाला आला असतास?"