डब्याचं झाकण

सुरुची पुन्हा तिसऱ्या दारात मेली. सकाळपासून अकराव्यांदा. लॅपटॉपच्या पडद्यावर राक्षसाने तिच्या योद्ध्याला उचललं, आपटलं आणि 'खेळ संपला' अशी अक्षरं आली. अक्षरं तिनेच बसवली होती, पण आता ती तिला बघवत नव्हती.

समोरच्या पलंगावर तिचे वडील, पंढरीनाथ, उशीला टेकून पडले होते. 'भुयार' हा खेळ मुळात त्यांचा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी करता करता त्यांनी तो एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखला होता. कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाधी-छत्र्यांखालून भुयार निघतं आणि थेट लालबाग राजवाड्याच्या बागेत उघडतं. वाटेत तीन दारं, दर दारात एक राक्षस. असं भुयार इंदूरात कुठेच नाही हे कळायला सुरुचीला दहावं वर्ष उजाडावं लागलं. नियम वहीत लिहिलेले होते. पहिली दोन दारं सोपी. तिसऱ्या दारात लागोपाठ तीनदा सहा पडले तर सुटका, नाहीतर मरण. फासा टाकायचा तो फक्त पहारेकऱ्याने, बिस्किटांच्या डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड. पहारेकरी म्हणजे बाबा.

आई गेली तेव्हा सुरुची सात वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात ती रोज भुयारात उतरली आणि रोज लालबागेत निघाली. एकदाही मेली नाही. आपलं नशीब जोरावर आहे हे ती तेव्हापासून धरूनच चालली होती. चांगली नोकरी सोडून या खेळाचा व्हिडिओ गेम करायला ती बसली, तीही त्याच भरवशावर.

फोन वाजला. तिच्यासोबत कोड लिहिणारा ऋग्वेद होता.

"सुन, मी मशीनला हजार वेळा खेळवलं. चारच जण बाहेर निघाले. कोड एकदम सही आहे यार, नियमच गडबड आहे. बदलून टाकू?"

"नियमाला हात नाही लावायचा," सुरुची म्हणाली. "मी स्वतः निघालेय त्यातून. रोज."

"मग तू देवी आहेस बाई," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने घड्याळ बघितलं. चारपर्यंत रिपोर्ट यायचा होता. बाबांच्या पोटातल्या गाठीवर हे तिसरं औषध चालू होतं. रक्तातला एक आकडा खाली आला तर औषध पुढे चालवायचं. नाही आला तर आता त्रास देऊ नका, घरी आरामात राहू द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हे बाबांच्या समोरच बोलणं झालं होतं. आधीच्या दोन्ही औषधांच्या वेळी आकडा वर गेला होता.

"काय झालं? अडकलीस?" पंढरीनाथांनी विचारलं. "आण इकडे. मला खेळू दे."

तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिली दोन दारं त्यांनी झटक्यात पार केली. तिसऱ्या दारात फासा घरंगळला. दोन पडले. राक्षसाने त्यांना आपटलं.

"इथे फासा कोण टाकतंय?"

"कंप्यूटर, बाबा."

"मग कसं सुटणार कोणी?" ते हसले. "अगं वेडे, लागोपाठ तीन सहा कधी पडतात का? मी झाकणाआड बघायचो काय पडलंय ते, आणि म्हणायचो, सहा."

सुरुचीला आधी रागच आला. मोठ्या माणसाने लहान पोराला इतकं फसवायचं? मग तिला तो उन्हाळा आठवला. बंद स्वयंपाकघर, बाहेरून आलेले डबे आणि झाकणामागून येणारा बाबांचा ठणठणीत आवाज. त्या आवाजाखाली काय असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला रडू आलं. लॅपटॉप उचलून ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

तेवढ्यात मेल आला. रिपोर्ट होता. तिने तो उघडला. आकडा मागच्या वेळेपेक्षा दुप्पट होता.

"आला का?" पलंगावरून प्रश्न आला.

लॅपटॉपची पाठ बाबांकडे होती. पडदा फक्त तिला दिसत होता. जमेल तितक्या ठणठणीत आवाजात ती म्हणाली, "आला. खाली उतरलाय आकडा, बाबा. बराच."

"म्हणजे सहा?"

"सहा."

पंढरीनाथांनी तिच्याकडे बघितलं. मग चादर गळ्यापर्यंत ओढून घेत म्हणाले,

"झाकण जरा वर धरावं, बेटा. चेहरा दिसतोय तुझा."