माशीवरचा केशरी मणी

केशरी रंग, शेड नंबर सतरा.

पत्र्याला एक भोक, बरोबर पाळण्याच्या वर.

लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची.

नखं सुकवायचा निळा दिवा. त्यात रिव्हॉल्वरची नळी.

"गिऱ्हाइकाला बोटं आत घाला म्हणते मी," शेफाली म्हणाली. "नळी आज पहिल्यांदाच."

नसरापूरच्या तिच्या पार्लरमध्ये तिचे सासरे, मानसिंगआप्पा, पाठ ताठ करून बसले होते. गोळ्या काढून खिशात ठेवलेल्या. परवाना पुढे चालू ठेवायचा तर सोमवारी नेमबाजीची चाचणी होती. सहापैकी दोन गोळ्या तरी निशाणाच्या कागदाला लागायला हव्यात, नाहीतर रिव्हॉल्वर जमा. आणि आप्पांना माशीच दिसेना. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा बारका उंचवटा. काळ्यावर काळा.

रिव्हॉल्वर गेलं तर कामथडी गावात आप्पांना कोण विचारणार? ते कमरेला असलं की लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळायची, पंगतीत वाढपी आधी त्यांच्याकडे वळायचा. नातीच्या, शेफालीच्या लेकीच्या, बारशाला त्यांनी घरातच आनंदाने बार काढला होता. छपराच्या पत्र्याला भोक पडलं. नात वाचली. आप्पा त्याला अजून सलामी म्हणत.

शेफालीने माशीवर दिलेला नखांच्या जेलचा पहिला थर सुकला. आप्पांनी एक डोळा मिटला.

"दिसली का, आप्पा?"

"दिसती, पर लई बारीक. आनखी लाव."

दुसरा थर. तिसरा. चौथा. माशीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा केशरी मणी चढला.

"आता कशी झ्याक दिसतीया! पायथ्याच्या पाली गावात बसून राजगडावरचा माणूस टिपीन."

"थोडी उंच झाली. चालेल ना?"

"चालंल काय, पळंल!"

सोमवारी आप्पांनी सहा गोळ्या झाडल्या. सहाही निशाणाच्या अलीकडे मातीत घुसल्या. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी तो मणी अंगठ्याने चाचपून पाहिला.

"आप्पा, माशी उंच केली की गोळी खाली जाते. नेमबाजी शिकणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगतात. कुणी करून दिलं हे?"

"आमच्या सूनबाईनं. तिच्यावर रागावू नका, सायेब," आप्पा कळवळून म्हणाले. "नखं रंगवनारी बाई ती. तिला काय कळतंय बंदुकीतलं?"

साहेबांनी रिव्हॉल्वर जमा करून पावती दिली.

लग्नाआधी, कॉलेजात असताना, शेफाली एनसीसीच्या नेमबाजीत जिल्ह्यात पहिली आली होती.