पोर्तोहून आलेला फोन

हिमानी आणि अनीश हनिमूनला पोर्तुगालमधल्या पोर्तोला गेले, तेव्हा इथल्या, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. मी शेजारची काकू. काम एवढंच, तुळशीला पाणी घालायचं.

आज सकाळी मी किल्ली लावायच्या आतच दार उघडलं. समोर हिमानी.

"आम्ही लवकर आलो, काकू. अनीश वर झोपलाय."

केस ओले, चेहरा उतरलेला. नव्या नवरीचा असा अवतार मला बघवेना. तिला ओढतच माझ्याकडे आणलं आणि गरम पोहे वाढले. माझ्या पाठीमागे टेबलाशी बसून ती खात होती. हातातला हिरवा चुडा किणकिणत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"काकू, हिमानी बोलतेय! इथे इतकं रिलॅक्स वाटतंय ना, आम्ही तिकिटं पुढे ढकलली. अजून आठवडाभर तुळशीचं बघाल?"

फोनमधून समुद्राची गाज येत होती. "काकूंना हाय सांग," अनीश ओरडला.

मी वळून पाहिलं नाही.

"काकू, कोणी आलंय का तुमच्याकडे? बांगड्या वाजताहेत." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या तर काल समुद्रात सगळ्या फुटल्या."

फुटल्या म्हणू नये, वाढल्या म्हणावं, एवढंच माझ्या मनात आलं.

मागची किणकिण थांबली. खुर्ची सरकली. खांद्यावर ओला, गार हात आला.

"द्या काकू," हिमानी म्हणाली, "मी बोलते तिच्याशी."